आल्फ्रेडोने काय कापले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘सिनेमा पॅराडिसो’ या इटालियन चित्रपटावर आलेला लेख आवडीने वाचला. लेखात त्यातल्या आल्फ्रेडोला, म्हणजे गावच्या थिएटरात सिनेमा चालवणाऱ्या ऑपरेटरला, आदर्श गुरू म्हटले आहे. मी तालुक्याच्या गावी थिएटरात ऑपरेटर होतो, मशीनवरच निवृत्त झालो. त्यामुळे या माणसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

दिग्दर्शक तोर्नातोरे यांनी कॅबिन, म्हणजे मशीनची खोली, अगदी खरी दाखवली आहे. गावचे पाद्रीबुवा सिनेमा आधी पाहतात, चुंबन आले की घंटा वाजवतात, आल्फ्रेडो त्या जागी रिळात कागदाचा कपटा खोचतो आणि नंतर तेवढे चुंबन कापून काढतो. कापायची जागा सापडावी म्हणून आम्हीही असाच कपटा घालत असू. एकच प्रिंट दोन गावांत चालते, सायकलवर रिळे आणणारा पोरगा वाटेत अडकतो आणि इकडे पब्लिक ओरडू लागते, हेही आमच्याकडचेच वाटते. आगीचा प्रसंग मात्र मला अजून बघवत नाही. ती नायट्रेटची फिल्म, एकदा पेटली की विझता विझत नाही. आल्फ्रेडोचे डोळे तिथेच जातात आणि त्याच्याकडे काम शिकणारा लहानगा टोटो त्याला ओढून बाहेर काढतो.

कॅबिनच्या उकाड्यात, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या धुरात रोजचे खेळ सोबत काढले की शिकायला आलेल्या पोराला ऑपरेटर बापाच्या जागी होतो. टोटोचा बाप तर रशियाच्या आघाडीवरून परतलाच नाही. आल्फ्रेडो म्हणेल ती त्याच्यासाठी पूर्वदिशा.

लेखकाने बहुधा दोन तासांची आवृत्ती पाहिली असावी. १९८८ साली हा चित्रपट इटलीत आला तेव्हा अडीच तासांहून मोठा होता आणि चालला नाही. मग तो कापला. १९८९ साली कान महोत्सवात आणि १९९० साली ऑस्करमध्ये गौरव झाला तो या कापलेल्या प्रतीचा. तिच्यात टोटोची प्रेयसी एलेना नाहीशी होते, ती का हे कळतच नाही. मीही आधी तीच पाहिली होती. पुढे मुलीने १७३ मिनिटांची आवृत्ती घरी लावून दिली, ती २००२ साली प्रदर्शित झालेली. तिच्यात एलेना कॅबिनमध्ये येऊन गेलेली असते. टोटो तिला शोधायला बाहेर पडलेला असतो. आंधळा आल्फ्रेडो तिला ‘विसर त्याला’ म्हणून समजावतो आणि टोटोला मात्र कुणी आलेच नाही असे सांगतो. तिने भिंतीवरच्या कागदामागे लिहून ठेवलेला पत्ता त्याला सापडतो तो तीस वर्षांनी, थिएटर पाडायच्या वेळी.

टोटो गाव सोडून निघतो तेव्हा स्टेशनवर आल्फ्रेडो त्याला सांगतो, जा, परत येऊ नकोस. हे सांगायचा त्याला हक्क होता, कारण ते तोंडावर सांगितले होते आणि टोटो नाही म्हणू शकला असता. एलेना येऊन गेली हे लपवण्याचा हक्क त्याला नव्हता. आपण एकत्र राहिलो असतो तर तुझ्या हातून हे सिनेमे झाले नसते, असे पुढे दिग्दर्शक झालेल्या टोटोला एलेनाच म्हणते. तिचे खरेही असेल. तरी तो निर्णय त्या दोघांचा होता. पोराचा आपल्यावर जितका विश्वास, तितके आपण त्याला खरे सांगायला बांधील असतो.

शेवटी आल्फ्रेडोने टोटोसाठी ठेवलेले रीळ चालते, पाद्र्याने कापायला लावलेली सगळी चुंबने एकामागून एक येतात. आधी मी ती गुरूची भेट समजून रडलो होतो. मोठी आवृत्ती पाहिल्यावरही रडलो, पण आता त्या रिळात नसलेला एक तुकडा दिसत होता. तो आल्फ्रेडोने कुणी न सांगता, स्वतःहून कापला होता. आल्फ्रेडोवर माझी माया आजही तितकीच आहे, पण त्याला निर्दोष म्हणवत नाही.

फिल्म सोसायट्यांना विनंती, की हा चित्रपट दाखवताना कोणती आवृत्ती आहे ते फलकावर लिहावे आणि जमल्यास दोन्ही दाखवाव्यात, आधी छोटी, मग मोठी. आपणही त्या लेखाखाली दोन ओळींची टीप द्यावी.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर, बार्शी