रोइंगपटूंचा खुराक वेळेवर पोहोचावा

प्रति,
मा. संपादक,
क्रीडा विभाग

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाचे क्रीडा पान मी गेली पस्तीस वर्षे नेमाने वाचत आलो आहे. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा हंगाम असो की खासबागेतले कुस्तीचे मैदान, आपल्या वार्ताहरांची नजर चुकत नाही, याचा कोल्हापूरकर म्हणून मला अभिमान वाटतो. रोइंग या वल्ही मारून होडी पळवण्याच्या खेळाच्या वाट्याला मात्र आपल्याकडे वर्षातून एखादाच दिवस येतो आणि तो म्हणजे पदक मिळाल्याचा दिवस. त्या दिवशीही मथळ्यात ‘नौकानयन’ हा शब्द असतो. शिडाच्या होड्यांची शर्यत असली तरी तोच शब्द आणि कयाकिंग असले तरी तोच, त्यामुळे वाचकाला नेमका कोणता खेळ झाला हे कळत नाही. तक्रार एवढ्यापुरती असती तर मी पत्र लिहिले नसते. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानमधील आयची-नागोया येथे आशियाई क्रीडा स्पर्धा होत आहेत. अशा स्पर्धेपूर्वीच्या महिन्यांत एका रोइंगपटूवर काय काय ओढवते, हे माझ्या पुतण्यामुळे मला जवळून पाहायला मिळाले आहे. त्याविषयी आपल्या वाचकांना आणि आपल्या जिल्ह्यातील दानशूर मंडळींना काही सांगावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

माझा पुतण्या करवीर तालुक्यातला. पंचगंगेच्या डोहात पोहायला शिकला, बारावीनंतर लष्करात भरती झाला आणि उंची व हातांची लांबी पाहून तेथील प्रशिक्षकांनी त्याला वल्ह्यावर बसवले. पुण्यात दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रोइंगचे केंद्र आहे, तेथे तो घडला. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ हाही लष्करातूनच पुढे आला. दुष्काळी गावातला, विहिरी खोदणाऱ्या बापाचा हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात गेला आणि अवघ्या चार वर्षांत रिओ ऑलिंपिकच्या एकेरी रोइंगमध्ये तेरावा आला. त्याची पात्रता एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे ठरली. त्या काळात त्याची आई डोक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेली होती. घरी असे दुखणे ठेवून परदेशी जाणे आणि तेथे दोन हजार मीटर वल्ही मारणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

रोइंगची शर्यत २,००० मीटरची असते. एकेरीत पुरुषांना तिला सुमारे सात मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वल्ह्याचे सव्वादोनशेच्या आसपास फटके बसतात. खेळाडू अंतिम रेषेकडे पाठ करून बसतो, पाय फळीला बांधलेल्या बुटांत अडकवलेले असतात आणि बैठक पुढे-मागे सरकते, म्हणून खरा जोर हातांपेक्षा मांड्यांतून येतो. एकेरीची होडी आठ मीटरहून थोडी लांब असते आणि तिचे किमान वजन १४ किलो ठेवावे लागते. घरच्या सिलिंडरात जेवढा गॅस मावतो, जवळपास तेवढेच हे वजन आहे. एवढ्या हलक्या आणि अरुंद होडीत बसलेल्या माणसाने नुसती मान वळवली तरी ती कलते.

परदेशातील स्पर्धेला ही होडी विमानाने सोबत नेता येत नाही. आठ मीटरची अखंड कार्बन फायबरची वस्तू सामानात कोण घेणार? म्हणून बहुतेक वेळा तेथे गेल्यावर होडी भाड्याने घेतली जाते आणि वर्षभर ज्या होडीत अंग मुरवले, ती पुण्याच्या शेडमध्येच राहते. या होड्या खेळाडूच्या वजनाच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. भारी माणसासाठी बांधलेल्या होडीत हलका खेळाडू बसला, तर ती पाण्यावर उंच राहते आणि आडवा वारा सुटला की तिला धरून ठेवण्यातच अर्धी ताकद जाते. भाड्याच्या चांगल्या होड्यांची मागणी महिनोन् महिने आधी नोंदवली जाते. ज्यांची मंजुरी उशिरा येते, त्यांना उरलेल्या होड्यांतून निवड करावी लागते.

माझ्या पुतण्याच्या बाबतीत मागे असेच झाले. एका परदेशी स्पर्धेची तारीख वर्षभर आधीपासून ठाऊक असूनही जाण्याची मंजुरी प्रवासाच्या अवघ्या आठ दिवस आधी हाती पडली. व्हिसाचा शिक्का आदल्या दिवशी संध्याकाळी मिळाला. तिकिटाचे उरलेले पैसे आम्ही घरच्यांनी भरले, त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे की, तेथे पोहोचल्यावर त्याच्या वजनाची होडी शिल्लक नव्हती. मिळाली ती दहा-पंधरा किलोने जड माणसासाठीची. शर्यतीआधीचे दोन दिवस त्याने सरावात घालवण्याऐवजी रिगर म्हणजे वल्ह्यांचे आधार वर-खाली करण्यात आणि पायांची फळी मागे-पुढे सरकवण्यात घालवले. कोणत्या कार्यालयाची ही चूक, हे येथे सांगण्याचा माझा हेतू नाही. कागद ज्या टेबलांवरून फिरले, तेथील माणसांना होडी महिनोन् महिने आधी राखून ठेवावी लागते हे कुणी सांगितलेले नसावे, असेच मी धरून चालतो.

गेल्या वेळी तो निघण्यापूर्वी दोन दिवस घरी आला होता, तेव्हा मी त्याचे सामान भरताना पाहत बसलो. कपडे थोडे होते. पट्टीच्या कापडाच्या दोन गुंडाळ्या, मोजपट्टी, वल्ह्यांच्या मुठींसाठीचे रबर आणि जुन्या सुती पंचात गुंडाळलेला दहा नंबरचा पाना त्याने बॅगेत ठेवला. पाना त्याने मुद्दाम मोठ्या बॅगेच्या तळाशी घातला, कारण एकदा हातातल्या पिशवीत राहिल्याने विमानतळाच्या तपासणीत तो काढून घेतला होता. पाना तिथेही मिळेल की, असे मी म्हटले. तो म्हणाला, “काका, होडी माझी न्हवं तिथं, पाना तरी माझा असूदे.” त्याच्या वहीत आकडे लिहिलेले होते. वल्ह्यांच्या दोन आधारांमधील अंतर, पाण्यापासून त्यांची उंची, फळीचा कोन, सगळे मिलिमीटरमध्ये. परक्या होडीत बसला की, तो पहिल्यांदा ही वही उघडतो आणि तिला आपल्या मापाची करतो. उंचीत एखाद्या सेंटिमीटरचा फरक राहिला तरी सव्वादोनशे फटक्यांत तो खांद्यात उतरतो, असे त्याने मला समजावले. हे बोलताना तो तळहातावरचा सुटलेला घट्टा दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबून बसवत होता. आमच्या घरात खुरप्याने घट्टे पडलेले हात पुष्कळ आहेत, पण बोटांच्या प्रत्येक पेराच्या मुळाशी असे ओळीने पडलेले घट्टे मी त्याच्याच हाताला पाहिले.

त्या दोन दिवसांत पहाटे पाच ते सहा तो घराबाहेर पडला नाही. चाचणीच्या यादीत नाव असलेल्या खेळाडूंना उत्तेजक चाचणीसाठी रोज एक तास कुठे सापडू हे आगाऊ कळवावे लागते आणि बारा महिन्यांत तीन वेळा ही नोंद चुकली किंवा चाचणी हुकली तर तोही नियमभंग ठरतो. त्याने आमच्या घरचा पत्ता आणि तो तास नोंदवला होता. वहिनींनी खोकल्यासाठी काढा पुढे केला, तेव्हा त्यात नेमके काय आहे हे तो विचारू लागला. तिला वाईट वाटले, मग कारण कळल्यावर तिने तो ओतून दिला आणि नुसते गरम पाणी दिले. मटणाचा बेत होता, तांबडा-पांढरा रस्सा चुलीवर उकळत होता. त्याने पांढऱ्या रश्श्याची अर्धी वाटी घेतली आणि प्रवासात पोट बिघडायला नको म्हणून हात आवरला. कोल्हापूरच्या पोराने रश्श्याला नाही म्हणावे, यातच त्या दिवसांचे दडपण किती असते ते आले.

विमानप्रवासाचा त्रास वेगळाच. आठ-दहा तास गुडघे दुमडून बसलेला सहा फुटी माणूस उतरतो तेव्हा त्याची कंबर आणि मांड्या आखडलेल्या असतात, आणि घड्याळ बदलले तर झोप बिघडते ती निराळी. शरीराला एका तासाच्या फरकासाठी साधारण एक दिवस द्यावा, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे, आणि पूर्वेकडे जाताना झोप लवकर यावी लागत असल्याने ते अधिक जड जाते. जपानचे घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे किमान चार दिवस आधी पोहोचणे आवश्यक. तिकिटे उशिरा निघाली की, कात्री लागते ती नेमकी याच चार दिवसांना. उष्म्याचेही तसेच. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बंगच्या पाण्यावर दत्तू भोकनळ एकेरीच्या अंतिम फेरीत तापाने फणफणलेला होता आणि शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. त्याच्या जिद्दीला मी दंडवत घालतो. परंतु खेळाडूला तापात उतरावे लागले तर ती जिद्दीची गोष्ट म्हणून आपण कौतुकाने सांगत राहावी, हे मला पटत नाही. सोबत पुरेसे फिजिओ, पुरेसे दिवस आणि हवेशी जुळवून घ्यायला सवड असावी, हे बघणे आपले काम आहे.

आणखी एक बाब वृत्तपत्रांतून फारशी आलेली नाही. पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून रोइंगचा लाइटवेट गट वगळण्यात आला आहे. या गटात पुरुषांच्या वजनाची कमाल मर्यादा ७२.५ किलो होती आणि आपल्याकडच्या सडपातळ बांध्याच्या मुलांना तोच आधार होता. टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग या जोडीने अकरावे स्थान मिळवले, ते याच गटात. माझा पुतण्याही त्यातच घडला, वर्षानुवर्षे वजन राखण्यासाठी जेवण मोजत आला, आणि आता त्याला नव्वद-पंचाण्णव किलोंच्या युरोपीय खेळाडूंशी सामना करायचा असल्याने अंगावर मांस चढवावे लागते आहे. हा बदल दूध-अंडी-मटणाशिवाय आणि वर्ष-दोन वर्षांच्या सबुरीशिवाय होत नाही.

खुराक हा शब्द कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला तो त्यांनी मैदान मारल्यावर नव्हे. तालमीत घाम गाळणाऱ्या पोराच्या बदामांची आणि दुधाची सोय आधी झाली, इनाम नंतर आले. आजच्या रोइंगपटूचा खुराक म्हणजे वेळेवरचे तिकीट, त्याच्या वजनाची होडी, चार जादा दिवसांचा मुक्काम आणि पाठ मोकळी करणारा फिजिओ. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी वर्गणी गोळा झाली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते ऋण फेडले. ही हकिकत आपल्या गावात आजही आदराने सांगितली जाते. बैलगाड्यांची मिरवणूक नंतर निघाली. पैसे आधी लागले होते. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे नेमबाज स्वप्नील कुसाळे यांना पॅरिस ऑलिंपिकच्या कांस्यपदकानंतर राज्य शासनाने १ कोटी रुपये जाहीर केले, ते सर्वथा योग्यच झाले. त्या रकमेचा अगदी लहान अंश जरी एखाद्या होतकरू खेळाडूला निघण्याच्या तीन महिने आधी मिळाला, तरी भाड्याच्या होडीचा प्रश्न सुटतो.

म्हणून माझी विनंती अशी. जिल्ह्यातील सहकारी संस्था, तालीम मंडळे आणि उद्योजक यांनी मिळून एक लहानसा प्रवासनिधी ठेवावा. शासकीय मंजुरीला विलंब झाला, तर त्यातून होडीची आगाऊ रक्कम आणि तिकीट देता यावे, व पुढे शासनाकडून पैसे आले की ते निधीत परत जमा व्हावेत. फार मोठी रक्कम नको, पण ती चार दिवसांत हाती पडावी. केवळ रोइंगच नव्हे, नेमबाज आणि जलतरणपटूंनाही ती उपयोगी पडेल. आणि महापालिकेने रंकाळा तलावातील केंदाळ म्हणजे जलपर्णी काढण्याचे काम उन्हाळ्यातच पूर्ण केले, तर जमिनीवरच वल्ही मारण्याच्या सरावाच्या एर्गो मशीनवर घाम गाळणाऱ्या दहा-बारा पोरांना स्वच्छ पाण्याचा पट्टा मिळेल. कृष्णाकाठी होड्यांच्या शर्यतींना काठावर माणसे दुतर्फा उभी असतात, त्यामुळे आपल्या भागात वल्ह्याची आवड नाही असे कुणी म्हणू नये.

आपल्या दैनिकाकडून एवढीच अपेक्षा आहे की, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये भारतीय रोइंगपटूंनी दोन रौप्य आणि तीन कांस्यपदके जिंकल्यावर जी जागा आपण दिली, तेवढीच जागा जपानला निघण्याआधी द्यावी. कोण कोणत्या होडीत बसणार, शर्यत भारतीय वेळेनुसार किती वाजता आहे, प्राथमिक फेरीतून पुढे कसे जातात, हे आधी छापून आले तर आमच्या गल्लीतली मंडळीही त्या सकाळी दूरचित्रवाणीसमोर बसतील. माझा पुतण्या संघात असो वा नसो, त्याची ती वही आणि पाना बॅगेत तयार आहेत. निवड चाचणी झाली की, निकाल आपल्याला कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक
शिवाजी पेठ, कोल्हापूर