कौतुक पुरे, वेळापत्रकाचे बोला

महोदय,

नातवाच्या बरोबरीने पदवी मिळवणाऱ्या आजोबांविषयीचा लेख आणि त्यासोबतचे ‘शिकायला वय नसते’ हे स्फुट कालच्या अंकात वाचले. आजोबांचे मनापासून अभिनंदन. मात्र पदवीदानाचे छायाचित्र एवढे मोठे छापताना, ती पदवी मिळेपर्यंत महाविद्यालयाने त्यांना कसे वागवले हे आपल्या प्रतिनिधीने एका ओळीनेही विचारलेले नाही, याचा मला राग आला. चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून, मी नियमित महाविद्यालयात कला शाखेच्या पदवीचे शिक्षण घेत आहे, म्हणून हे लिहिते.

गेल्या सत्रात मानसशास्त्राच्या अंतर्गत चाचणीसाठी मी आधीपासून रजा मंजूर करून घेतली होती. आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर चाचणी पुढे ढकलल्याचा निरोप आला आणि नव्या तारखेला मला कामावरून सुटता आले नाही. फेरचाचणीचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा प्राध्यापकांनी तो न वाचताच परत केला आणि भरवर्गात मला सुनावले, “नोकरीच करायची होती, तर मुक्त विद्यापीठात जायचे. इथे कशाला आलात?” माझ्या मुलीच्या वयाची मुले ते ऐकत होती. वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर फेरचाचणी मिळते, वरिष्ठांचे पत्र मात्र नियमात बसत नाही, असे कार्यालयात कळले. कुठूनतरी प्रमाणपत्र आणा, असा सल्लाही तिथेच मिळाला. मी तो मानला नाही आणि ते गुण गमावले.

मुक्त विद्यापीठांविषयी मला आदर आहे. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय आणि १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले नसते, तर असंख्य नोकरदारांना आणि गृहिणींना पदवी मिळालीच नसती. परंतु मला मानसशास्त्राचे प्रयोग प्रत्यक्ष करायचे होते, अडलेली शंका तिथल्या तिथे विचारायची होती, म्हणून मी विचार करून वर्ग निवडला. रीतसर प्रवेश आणि पूर्ण शुल्क घेतल्यानंतर मला दुसरे दार दाखवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षण मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची मुभा दिली, याचे आपल्याच अग्रलेखात स्वागत झाले होते. त्यासाठी, पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक (क्रेडिट) विद्यार्थ्याच्या खात्यात साठवणाऱ्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम २०२१ मध्ये आले, पण त्यांनुसार जमा झालेले श्रेयांक जास्तीत जास्त सात वर्षेच ग्राह्य राहतात. बाळंतपणासाठी शिक्षण सोडलेली स्त्री मूल दुसरी-तिसरीत जाईपर्यंत थांबली, की तिचे श्रेयांक बुडाले. हे नियम येण्याआधी शिक्षण सुटलेल्या माझ्यासारख्यांची तर त्यात नोंदच नाही. उत्तीर्ण झालेले पहिले वर्ष मला पुन्हा करावे लागले. अभ्यासक्रम बदलतात हे मान्य आहे, पण आधी काय शिकलात हे कोणी विचारूसुद्धा नये?

माझे मागणे फार नाही. अंतर्गत चाचण्यांच्या तारखा सत्राच्या आरंभी जाहीर कराव्यात, त्या बदलल्याच तर नोकरदार विद्यार्थ्याला फेरचाचणी द्यावी आणि उपस्थितीची अट लावताना त्याच्या कामाच्या वेळांचा विचार व्हावा.

जाता जाता आपल्या शैक्षणिक पुरवणीविषयीही लिहिणे भाग आहे. ‘बारावीनंतर काय?’ हे तिथे दरवर्षी येते. पण शिक्षणात खंड पडलेल्याला प्रवेशाच्या वेळी लागणारे प्रतिज्ञापत्र कसे करावे, जुनी गुणपत्रिका हरवली असल्यास दुय्यम प्रत कशी मिळवावी, याविषयी माझ्या वाचनात कधी काही आलेले नाही. हे सुचवणारे पत्र मी गेल्या वर्षी पाठवले होते, त्याची पोचही मिळाली नाही. प्रस्तुत पत्र जागेअभावी कापावे लागले, तर निदान चाचणीचा परिच्छेद कृपया तसाच ठेवावा.

आपली,
तृतीय वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी