मनूस, पीएचडीचा अर्ज भरण्याआधी

चेंबूर, मुंबई

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, अजून पाच वर्षं शिकत बसले तर घराचं कसं?" आई शेजारी होती म्हणून तेव्हा बोललो नाही. घराचं बघायला मी आहे. फ्लॅटचे हप्ते फिटलेत. शिवाय जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीच्या शिष्यवृत्तीला, २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे तिची पुढची पायरी, झालं की ४२,०००. पैशाचा विचार मनातून काढून टाक.

हवा तपासणाऱ्या सेन्सरच्या तुझ्या विषयातलं गणित मला झेपणार नाही. पण सेन्सर चुकीचं सांगायला लागला की काय होतं, ते मी कारखान्यात एकतीस वर्षं पाहिलंय. एका पावसाळ्यात रिअॅक्टरचं तापमान पॅनेलवर अगदी स्थिर दिसत होतं, आणि माल मात्र बॅचमागून बॅच करपत होता. आकडा हलत नाही म्हणून कुणाला शंका येईना. शेवटी मी आरटीडी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, काढला आणि थर्मासमध्ये बर्फाचा चुरा नि पाणी घालून त्यात बुडवला. तो पीटी-१०० जातीचा; तापमानाप्रमाणे त्याचा विजेला होणारा रोध बदलतो, आणि शून्य अंशाला त्याने १०० ओहम दाखवायला हवेत. मीटरवर आले ९८.६. म्हणजे तापमानात साडेतीन अंश कमी! आत ओल शिरली होती. पॅनेल कमी दाखवी, म्हणून ऑपरेटर बिचारा वाफ वाढवत राहिला.

तू म्हणतेस ते हवेचे सेन्सर मुंबईत याच ओलीपाशी अडतात. धूळ मोजणारं स्वस्त यंत्र कणांवरून लेझरचा प्रकाश किती विखुरतो ते बघतं. दमट हवेत कण पाणी धरून फुगतात आणि यंत्राला वाटतं धूळच वाढली. हवा तपासणाऱ्या मोठ्या केंद्रांतलं धूळ मोजायचं बीटा किरणांचं यंत्र आत येणारी हवा तापवून कोरडी करतं, पण ते गल्लोगल्ली बसवणं परवडणार नाही. टिन ऑक्साइडच्या वायू-सेन्सरलाही ओलीने फरक पडतोच. हे सगळं कुठल्याही लॅबमध्ये बसून शोधता येईल, पण खरं-खोटं ठरणार ते जुलैत, आपल्या माहुलच्या खाडीकाठी. म्हणून माझा कल पवईकडे आहे. आयआयटीत नॅनोफॅब्रिकेशनची सोय आहे, चिप तिथेच बनवता येईल आणि तपासायला मुंबईची हवा दाराशीच आहे.

बाहेर जायचं असेल तरी मी अडवणार नाही. नेदरलँड्समध्ये पीएचडी म्हणजे बहुतेक ठिकाणी पगारी नोकरीच असते. युरोपच्या मारी क्युरी या संशोधकांना पैसे देणाऱ्या योजनेत अट अशी की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. त्यात तू बसतेस.

कुठेही गेलीस तरी गाइडला भेटण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठ. एवढंच विचार: तुमचा सेन्सर उघड्यावर सलग किती महिने ठेवला होता, आणि कुठल्या यंत्राशी ताडून पाहिला? उत्तर द्यायला ते चाचरले तर ती लॅब सोड, नाव कितीही मोठं असो.

मुलाखतीला जाताना तो आरटीडी घेऊन जा. कपाटाच्या वरच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. झाकणाच्या आट्यांजवळ तांबूस डाग दिसेल, पाणी तिथूनच आत गेलं होतं.

तुझे,
बाबा