जिल्ह्यांमधली दरी मोजायची तर आधी आकडा तपासा : नियोजनमंत्र्यांना खुले पत्र

मा. नियोजनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांच्यातली उत्पन्नाची दरी घटते की वाढते, हे दरडोई जिल्हा उत्पन्नावरून (जिल्ह्यात वर्षभरात निर्माण झालेले उत्पन्न भागिले लोकसंख्या) ठरवले जाते. आमचा आक्षेप हा आकडा तयार होतो कसा, यावर आहे.

शेती, खाणी, नोंदणीकृत कारखाने यांचे उत्पन्न जिल्ह्यातल्या माहितीवरून काढता येते. बँका, रेल्वे, दळणवळण, बराचसा असंघटित व्यापार यांचे मात्र राज्याचे एकूण उत्पन्न कामगारसंख्येसारख्या निर्देशकावर जिल्ह्यांना वाटले जाते. म्हणजे गगनबावड्यातला किराणा दुकानदार आणि ठाण्यातला दुकानदार कागदावर सारखेच कमावतात! वाटपाचा हिस्सा जितका मोठा, तितके जिल्हे जवळ आल्यासारखे दिसतात.

सरहद्दीवर घोळ वाढतो. कर्नाटकातल्या निपाणीहून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगाराच्या श्रमाचे मोल कोल्हापूरच्या उत्पन्नात, पण त्याचे डोके बेळगावच्या लोकसंख्येत. उलट मुंबईच्या चाकरमान्याने रत्नागिरीला घरी धाडलेला पैसा जिल्हा उत्पन्नात येतच नाही. त्यात दरडोईचा छेद २०११ च्या जनगणनेवर बेतलेला.

आता मापाविषयी. समजा, एका जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न १ लाख आणि वाढ ५ टक्के. दुसऱ्याचे ६० हजार, वाढ ६ टक्के. दहा वर्षांत दुसरा पहिल्याच्या ६० वरून ६६ टक्क्यांवर पोचतो, तरी रुपयांतली दरी ४० हजारांवरून सुमारे साडेपंचावन्न हजार होते. म्हणून स्थिर किमतींच्या (महागाई वगळलेल्या) उत्पन्नाचे लॉगॅरिथम घेऊन, म्हणजे रुपयांऐवजी पटीतला फरक धरून, त्यांचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) दरवर्षी पाहावे. गरीब जिल्हा वेगाने वाढला, एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. पहिल्या वर्षीचा आकडा चुकून कमी धरला असेल, तर पुढची वाढ आपोआप फुगते. त्यासाठी दोन्ही टोकांना तीन-तीन वर्षांची सरासरी घ्यावी. २०१९ चा महापूर किंवा २०२० ची टाळेबंदी एकटी शेवटचे वर्ष म्हणून घेतली, तर कल फसवाच निघेल.

चार जिल्हे म्हणजे चारच बिंदू; एवढ्यावरून कल ठरवणे कठीण. तालुके मात्र ३९ आहेत, आणि खरी तफावत तिथेच आहे: दुष्काळी जत आणि कृष्णाकाठचे पलूस आज सांगलीच्या एकाच सरासरीत बसतात.

तेव्हा दर जिल्ह्याच्या आकड्यासोबत किती टक्के थेट मोजलेले आणि किती वाटपाने आलेले, हे अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने छापावे. राहत्या ठिकाणानुसार कुटुंबाचे उत्पन्न व खर्च यांची तालुकावार पाहणी करावी, आणि तिची प्रश्नावली कर्नाटकाशी बोलून बेळगावातही तीच ठेवावी.

आपले,
कोल्हापुरातील अर्थशास्त्राचे अभ्यासक