रुग्णवाहिकेने ‘मोकळी’ झाल्याचे कधी कळवावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णवाहिका वेळेवर न आल्याच्या तक्रारी आपल्या पत्रात अधूनमधून येतात आणि बहुतेकींचा रोख गाड्यांच्या अपुऱ्या संख्येवर किंवा रस्त्यांच्या अवस्थेवर असतो. ही कारणे खरीच आहेत. परंतु रुग्णाला रुग्णालयात पोहोचवल्यानंतर गाडी पुढच्या कॉलसाठी मोकळी झाल्याचे नियंत्रण कक्षाला नेमके कोणत्या क्षणी कळवायचे, याची चर्चा कोणी करत नाही. कोकणातील एका रुग्णवाहिका सेवेत मी डॉक्टर म्हणून काही वर्षे काम केले आहे आणि बराचसा उशीर याच ठिकाणी होतो, असे माझे ठाम मत झाले आहे.

फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याला गाडी दिसत नाही, त्याला पडद्यावरची तिची नोंद दिसते. नोंद ‘मोकळी’ असेल तर तो जवळची गाडी पाठवतो आणि ‘कामात’ असेल तर तिला वगळून लांबची शोधतो. नोंद खोटी असली की त्याचा निर्णय चुकतो, आणि ती दोन्ही बाजूंनी खोटी असू शकते.

आधी घाईने दिलेल्या नोंदीबद्दल लिहिते. रुग्णालयाच्या दारात गाडी लागली की लगेच ‘मोकळी’ म्हणून कळवण्याचा मोह मोठा असतो, कारण वरून विचारणा चालू असते आणि आकडे चांगले दिसावेत अशी सगळ्यांचीच इच्छा असते. अशा वेळी आत काय चालू असते? अपघात विभागात खाट रिकामी नसते, रुग्ण आमच्याच स्ट्रेचरवर भिंतीलगत पडलेला असतो, ऑक्सिजन आमच्याच सिलिंडरमधून चालू असतो आणि ड्यूटीवरचे डॉक्टर दुसऱ्या रुग्णात गुंतलेले असतात. रक्तदाब किती होता, वाटेत कोणते इंजेक्शन दिले, शुद्ध केव्हा हरपली, हे सांगून कागदावर सही घेतल्याशिवाय रुग्णाची जबाबदारी आमच्यावरून उतरत नाही. तेवढ्यात दुसरा कॉल आला, तर एक तर हा रुग्ण अर्धवट सोडावा लागतो किंवा स्ट्रेचरविना निघावे लागते. मी स्वतः एकदा स्ट्रेचरविना निघाले आहे आणि मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला चादरीत उचलून गाडीत घेताना त्याच्या तोंडून निघालेला आवाज मी विसरू शकत नाही.

ऑक्सिजनचे गणित तर अगदी सरळ आहे. बी प्रकारच्या लहान सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर या वेगाने तो अडीच तास पुरतो, पण गंभीर रुग्णाला १५ लिटर लागतात आणि मग तोच सिलिंडर १०० मिनिटांत संपतो. घाटातून लांबचा रुग्ण आणल्यावर काटा कुठे आहे हे न पाहता गाडी मोकळी म्हणून कळवली, तर पुढच्या दम्याच्या रुग्णापर्यंत आपण वेळेत पोहोचू, पण उपयोगाचे काही हाती नसेल. गाडीत रक्त सांडले असेल तर ते पुसून हायपोक्लोराइटचे द्रावण किमान १० मिनिटे राहू द्यावे लागते. हा वेळ चुकवता येत नाही आणि चुकवूही नये.

आता उशिरा दिलेल्या नोंदीबद्दल. गाडी आपल्या ठिकाणी परत पोहोचल्यावरच मोकळी मानण्याची सवय अनेक ठिकाणी आहे आणि ग्रामीण भागात तिची किंमत फार मोठी पडते. चिपळूणहून रत्नागिरीला रुग्ण न्यायचा तर सुमारे ९० किलोमीटर जाणे आणि तेवढेच येणे. परतताना गाडी रिकामी, साफ केलेली आणि सिलिंडर भरलेली असेल, तरी हातखंबा, संगमेश्वर, आरवली, सावर्डे हा सगळा पट्टा ती ‘कामात’ म्हणून ओलांडते. तेवढ्यात संगमेश्वरजवळ महामार्गावर अपघात झाला, तर पाच किलोमीटरवरची ही गाडी पडद्यावर दिसतच नाही आणि दुसरीकडची गाडी काढावी लागते. काही जण चहापाण्यासाठी मुद्दाम नोंद लांबवतात हेही मी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र बारा तासांच्या पाळीत जेवणाची अधिकृत सुट्टीच नसेल, आणि स्त्री डॉक्टरला स्वच्छतागृहासाठीसुद्धा कारण सांगावे लागत असेल, तर माणसे अशीच पळवाट काढतात. त्यापेक्षा वीस मिनिटांची विश्रांती उघडपणे नोंदवता येऊ द्यावी.

म्हणून माझी सूचना अशी आहे की ‘कामात’ आणि ‘मोकळी’ यांच्या मध्ये आणखी एक टप्पा असावा. रुग्णाची जबाबदारी रुग्णालयाने सही करून घेतली आणि स्ट्रेचर हाती आले की गाडीने ‘फक्त अतिगंभीर कॉलसाठी मोकळी’ असे कळवावे, सोबत ऑक्सिजन किती उरला आहे तेही सांगावे. हृदय बंद पडलेल्या माणसासाठी अर्धवट पुसलेली गाडी चालेल, ताप आलेल्यासाठी ती धाडण्याचे कारण नाही. सफाई आणि साहित्याची भरती झाली की रुग्णालयाच्या आवारातूनच पूर्ण ‘मोकळी’ अशी नोंद व्हावी आणि परतीच्या वाटेवर तिला कोणताही कॉल देता यावा. हे ठरवण्याचा अधिकार गाडीतल्या डॉक्टरकडे असावा. दूर बसलेल्या माणसाने तिच्या वतीने बटण दाबू नये.

यात रुग्णालयांचा वाटा सर्वांत मोठा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत रुग्ण ताब्यात घेण्यासाठी १५ मिनिटे आणि त्यानंतर गाडी सज्ज करण्यासाठी १५ मिनिटे असे प्रमाण ठरलेले आहे. तिथेही रुग्णालयांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा लागतात, पण प्रमाण ठरलेले असल्यामुळे उशीर कुठे झाला हे मोजता येते आणि त्याचा जाब रुग्णालयालाही विचारता येतो. आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झालेल्या १०८ सेवेसाठी ९३७ गाड्या ठरल्या, त्यांत २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रणालीच्या. एवढ्या मोठ्या राज्यात एक गाडी तासभर स्ट्रेचरसाठी अडकून पडणे म्हणजे तेवढा वेळ एखादा अख्खा तालुका उघडा पडणे होय.

आरोग्य विभागाने प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रुग्णवाहिकांसाठी निदान दोन बदली स्ट्रेचर ठेवावेत, रुग्ण दारात आल्याची आणि ताब्यात घेतल्याची अशा दोन्ही वेळा एकाच कागदावर दोघांच्या सहीने लिहाव्यात, आणि या नोंदी दरमहा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या बैठकीत मांडाव्यात. यासाठी नवी गाडी घ्यावी लागत नाही.

आपली,
रुग्णवाहिकेवर काम केलेली एक डॉक्टर,
चिपळूण