मंजूर अनुदानाचा दुसरा हप्ता अडवल्याबद्दल तक्रार

वाळपई, सत्तरी, गोवा
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्रमुख,
सामाजिक दायित्व (सीएसआर) विभाग

विषय : सत्तरी तालुक्यातील आरोग्य प्रकल्पाचा दुसरा हप्ता रोखल्याबाबत आणि सखींचे (वाड्यावाड्यावर जाणाऱ्या आमच्या आरोग्य कार्यकर्त्यांचे) मानधन व प्रवासखर्च नामंजूर केल्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीने गेल्या वर्षी आरोग्य समता या विषयावर स्थानिक संस्थांकडून प्रस्ताव मागवले होते. सत्तरीतले धनगरवाडे आणि होंडा-पिसुर्ले औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या कामगारांच्या खोल्या, इथे रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आणि औषधांचा पाठपुरावा करण्याचा आमच्या महिला संस्थेचा प्रस्ताव आपण मंजूर केलात. करार झाला, पहिला हप्ता वेळेवर आला. त्याबद्दल आम्ही आभारीच आहोत. दुसरा हप्ता दिवाळीपूर्वी यायचा होता, तो अजून आलेला नाही. विचारले की "फाईल फायनान्सकडे आहे" एवढेच उत्तर. शेवटी गेल्या महिन्यात आपला ईमेल आला. सखींचे मानधन आणि प्रवासखर्च हा 'प्रशासकीय खर्च' आहे, तो पाच टक्क्यांच्या वर मान्य होत नाही, आणि वरची रक्कम संस्थेने परत केल्याशिवाय पुढचा हप्ता मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. माझी तक्रार मुख्यतः या निर्णयाविरुद्ध आहे.

पाच टक्क्यांची मर्यादा सीएसआर नियमांत आहे, हे आम्हाला मान्य आहे. पण ती कोणत्या खर्चावर आहे ते एकदा पाहावे, ही विनंती. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा प्रशासकीय खर्चाची व्याख्या स्पष्ट करण्यात आली. कंपनीने आपला सीएसआरचा कारभार चालवण्यासाठी केलेला सर्वसाधारण व्यवस्थापन आणि प्रशासनाचा खर्च, एवढाच त्यात येतो. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट झालेला खर्च त्याच व्याख्येने वगळला आहे. शिवाय ही मर्यादा कंपनीच्या वर्षभराच्या एकूण सीएसआर खर्चावर मोजायची असते, एकेका संस्थेच्या एकेका प्रकल्पावर नव्हे. आमच्या सीएनेही हेच सांगितले आणि त्यांचे पत्र सोबत जोडले आहे. सखीने वाड्यावर जाऊन रक्तदाब मोजणे ही या प्रकल्पाची अंमलबजावणीच आहे. तिचे मानधन करारासोबतच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत लिहिलेले आहे, आणि त्या पानावर आपल्या विभागाची सही आहे.

प्रवासखर्चाचे काय होते, ते जरा सविस्तर सांगते, कारण आपल्या कार्यालयातून ते दिसत नसावे. चोर्ला घाटाच्या अंगाला असलेल्या एका धनगरवाड्यावर आमच्या सखीला एक आजी भेटल्या. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या. गोळ्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तरी दाब खाली येत नव्हता. सखीने औषधांचा डबा मागून घेतला तेव्हा त्यात गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे होते. मुलगा बाजाराला उतरला तरच पुढच्या गोळ्या येणार, तोवर पुरवायच्या म्हणून आजी गोळी मोडून अर्धी घेत होत्या. औषध मोफत होते, निदानही झालेले होते, फक्त वाळपईपासून त्यांच्या ओसरीपर्यंतचे अंतर कोणाच्याच हिशेबात नव्हते. आता सखी महिन्याच्या गोळ्या पोचवते आणि दाब मोजून वहीत लिहिते. त्यासाठी तिला आधी कदंब बस, मग पायलट (भाड्याने नेणारा मोटारसायकलवाला) आणि पुढे चढण चालून जावे लागते. आपल्या लेखापरीक्षकांनी या पायलटच्या भाड्याचे जीएसटी बिल मागितले आहे. मोटारसायकल पायलट पावती देत नाही, हे गोव्यात राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. आम्ही प्रत्येक फेरीचे व्हाउचर सखीच्या सहीने ठेवले आहे, त्यावर तारीख, वाडा आणि भेटलेल्या रुग्णांची नोंद आहे. याहून चांगला पुरावा आम्ही आणू शकत नाही.

इतर राज्यांत गावोगाव आशा सेविका असते. गोव्यात ती योजना राबवली गेली नाही. अंगणवाडी सेविका आणि आरोग्य केंद्राच्या परिचारिका जीव तोडून काम करतात, पण एका परिचारिकेकडे किती डोंगर द्यायचे? म्हणूनच आम्ही वाड्यावाड्यातल्या बायकांना शिकवून सखी तयार केल्या. सखी काढून टाकली तर आपण दिलेली यंत्रे कपाटात राहतील. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडली की ठरावीक मुदतीत वापरावी लागते, दमट हवेत त्या आणखी लवकर बाद होतात. पट्ट्या आपण मंजूर करता आणि त्या वापरणारे हात नामंजूर करता, हे कसे चालावे?

दुसरी गोष्ट आपल्या नव्या अहवाल-फॉर्मची. त्यात प्रत्येक लाभार्थ्याचा गोव्यातल्या पत्त्याचा आधार किंवा दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या (गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेच्या) कार्डाचा क्रमांक सक्तीचा केला आहे. २०१६ साली सुरू झालेल्या त्या योजनेला गोव्यात पाच वर्षांचे वास्तव्य लागते. झारखंड, ओडिशातून आलेला आणि एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहणारा कामगार कार्ड कुठून आणणार? क्रमांक नसला की फॉर्म पुढेच जात नाही, आणि आम्ही तपासलेला माणूस आपल्या हिशेबात तपासलाच गेला नाही असे धरले जाते. सरकारी योजना ज्यांच्यापर्यंत पोचत नाही त्यांच्यासाठी हा प्रकल्प, असे आपल्याच निवेदनात लिहिले होते.

'लाभार्थीमागे खर्च' हा निकषही मला पटत नाही. म्हापशाच्या एका सभागृहातल्या शिबिराशी आमची तुलना करून आमचा खर्च जास्त असल्याचा शेरा मारला आहे. शहरातल्या शिबिराला माणसे आपल्या पायांनी येतात. धनगरवाड्यावर आम्हाला जावे लागते, तेही एका घरातून दुसऱ्या घरी. जो सर्वांत लांब त्याच्यावर जास्त खर्च होणारच. तो करायची तयारी नसेल तर समतेसाठी अनुदान देतो असे म्हणू नये. हे शब्द कडक वाटतील, पण मला ते तसेच म्हणायचे आहेत.

आणि वेळ पाहा. काजूचा हंगाम सुरू होतो आहे. बोंडे गोळा करायला बायका पहाटेपासून रानात असतात. २०१५ साली पालीच्या बाजूला माकडतापाची (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची) साथ आली, पुढच्या हंगामातही माणसे दगावली, तेव्हापासून या महिन्यांची आम्हाला धास्ती असते. रानातून आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा, ताप आला तर घरी काढा पीत बसू नका, लगेच आरोग्य केंद्र गाठा, हे सांगत सखी घरोघर फिरतात. मानधन थकल्यामुळे दोघी जणी आता स्वतःच काजूच्या मजुरीला जाऊ लागल्या आहेत. त्यांना दोष कसा देऊ? त्यांचीही घरे आहेत.

आपल्या अधिकाऱ्यांविषयी व्यक्तिशः माझी तक्रार नाही. भेटीला आलेल्या मॅडमनी आमच्याबरोबर चढण चढून काम पाहिले आहे. त्यांचा भेट-अहवाल फाईलमध्ये असेल, तो फायनान्स विभागाने वाचावा.

आमची मागणी अशी. मानधन आणि प्रवास हा प्रकल्पाचा थेट खर्च म्हणून मान्य करून वसुलीचा ईमेल लेखी मागे घ्यावा. दुसरा हप्ता फेब्रुवारी संपण्यापूर्वी खात्यात जमा करावा. कार्ड क्रमांकाची सक्ती काढावी, तिथे सखीची नोंदवही ग्राह्य धरावी. अहवाल मराठीत किंवा कोंकणीत स्वीकारावा, कारण सखी इंग्रजीत लिहीत नाहीत आणि भाषांतरासाठी अंदाजपत्रकात पैसे नाहीत. ३१ मार्चपर्यंत रक्कम देणे काही कारणाने जमत नसेल, तर हा चालू प्रकल्प असल्याने कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ती वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत अखर्चित सीएसआर खात्यात वर्ग करावी आणि तसे आम्हाला पत्राने कळवावे. ती दुसऱ्या प्रकल्पाकडे वळवू नये.

२८ फेब्रुवारीपर्यंत उत्तर न आल्यास हे पत्र आपल्या संचालक मंडळाच्या सीएसआर समितीकडे पाठवू. त्या पत्रावर संस्थेच्या सर्व सखींच्या सह्या असतील.

कळावे,
आपली विश्वासू,
सचिव

सोबत : करार व अंदाजपत्रकाची प्रत, विनियोग प्रमाणपत्र, सीएचे पत्र, प्रवासाची व्हाउचरे.