सेतू केंद्रातील ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताईंस,
सप्रेम नमस्कार.

आपले आभार केंद्रात येऊन मानता आले असते; पण आमच्या मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मोबाईलसाठी आपण जे केले, ते आपल्या गावातील प्रत्येक कास्तकाराच्या घरी कळावे, अशी माझी इच्छा असल्याने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

कापसाचा चुकारा खात्यात जमा झाला, त्याच सुमारास मामाजींना व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाची एक एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, आली. ‘आपला हप्ता थांबला आहे, त्वरित केवायसी करा’ असा मजकूर सोबत होता आणि पाठवणारा नंबर नात्यातलाच होता. २,००० रुपयांचा हप्ता ज्या घरात खताच्या उधारीत आधीच धरलेला असतो, तिथे असा मजकूर वाचून कोणीही घाबरेल. त्यांनी फाइल उघडली, मागितलेल्या परवानग्या दिल्या आणि तरीही हप्त्याचे काही दिसेना, म्हणून ते आपल्याकडे विचारायला आले. त्या नातेवाइकाला तर काही ठाऊकच नव्हते. त्याच्या फोनमध्ये आधीच शिरलेल्या ॲपने ती फाइल परस्पर सगळ्यांना पाठवली होती.

‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हे आम्ही सगळेच ऐकत आलो आहोत, आणि मामाजींनी तो खरोखरच कोणाला सांगितला नव्हता. मात्र मेसेज वाचण्याची परवानगी एकदा दिली, की बँकेचा ओटीपी ते ॲपच वाचते आणि फोनच्या मालकाला कळण्याआधी ठगाकडे पोहोचवते, हे आपण समजावले तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदाच नीट कळले.

आपण एका शब्दानेही त्यांना रागावला नाहीत. आधी फोनचे नेट बंद करून सिम काढले आणि स्वतःच्या फोनवरून, पासबुकावर छापलेल्या नंबरवर त्यांना बोलायला लावून बँकेचे ऑनलाइन व्यवहार थांबवले. ॲपचे चिन्ह पडद्यावर कुठेच दिसत नव्हते. सेटिंगच्या यादीत सापडले, तर ते काढण्याचे बटण चालेना, कारण त्याने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा, म्हणजे फोनच्या कारभाऱ्याचा, अधिकार घेऊन ठेवला होता. तो अधिकार काढून ॲप हटवल्यावरही आपण थांबला नाहीत. फोटो सुरक्षित ठेवून फोन पूर्ण रिसेट केला. सिम परत बसवल्यावर, काही ओटीपी कॉलवरही येतात म्हणून *#२१# लावून कॉल दुसरीकडे वळवले आहेत का ते पाहिले आणि ##००२# लावून सर्व वळवणी रद्द केली. पैसे गेले असते तर क्षणभरही न दवडता १९३० वर फोन करायचा, म्हणजे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता असते, हेही आपण बजावले. मामाजींचा चुकारा शाबूत राहिला.

खरे सांगायचे तर माझे आभार याहून अधिक त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहेत. नागपूरला असणारे माझे दीर काळजीपोटी म्हणाले, की बाबांचे सगळे मेसेज माझ्या फोनवर दिसतील असे एक ॲप मिळते, तेच टाकून द्या. घरातील सर्वांना ते पटले होते. आपण मात्र स्पष्ट नकार दिलात. ‘भाऊजी, चोर ज्या खिडकीतून आला, तीच आपण उघडी ठेवाची काय?’ हे आपले वाक्य दिरांना लागले, पण ते योग्यच होते. असे ॲपही त्याच परवानग्या मागते, मेसेज कुठल्या तरी अनोळखी कंपनीकडे नेते, आणि आयुष्यभर घरचा व्यवहार सांभाळलेल्या माणसावर त्याच्याच घरात पाळत बसते. मामाजी तेव्हा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशीपासून ते स्वतःहून शंकेचे मेसेज मला दाखवू लागले. पाळत असती तर त्यांनी ते लपवले असते, असे मला वाटते.

त्याऐवजी आपण सुचवलेले सर्व आम्ही केले आहे. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवू देण्याची परवानगी बंद आहे, घातक ॲप ओळखणारी फोनमधली ‘प्ले प्रोटेक्ट’ ही सोय सुरू आहे, यूपीआयची रोजची मर्यादा कमी केली आहे आणि चुकाऱ्याची रक्कम यूपीआयला न जोडलेल्या खात्यात ठेवली आहे. केवायसी करायची झाल्यास ती पीएम किसानच्या अधिकृत संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरील अधिकृत ॲपवर किंवा आपल्या केंद्रात अंगठा देऊन होते, एवढे आता सासूबाईही शेजारणींना सांगतात.

एक विनंती आहे. आमच्या बचत गटातील बहुतेक जणींच्या घरी एकच स्मार्टफोन आहे आणि तो मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे वापरतात. गटाच्या पुढच्या बैठकीला आपण यावे आणि परवानग्या कुठे पाहायच्या, ते प्रत्येकीच्या हातातल्या फोनवर दाखवावे. आपल्या केंद्रातील कामाची गर्दी ओसरल्यावरची वेळ आम्ही ठेवू.

आपली नम्र,
यवतमाळ जिल्ह्यातील एका कास्तकार घराची सून